आधी भरतीची वेळ काढ

खरं सांगू का, मुलांना घेऊन अलिबाग-नागावला जायचं ठरलं की सामानाआधी काळजीच डोक्यावर बसते. लाटा, साप, जेलीफिश, वादळ! सगळ्यांची भीती एकदम धरू नकोस गं. आधी भरतीची वेळ काढ.

बघ, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा ढोबळ हिशोब, म्हणून पोचल्यावर होडीवाल्याला विचारून घे. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर उधाण असतं.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण पाणी चढायच्या आत परत फीर. एक फोटो राहिला तरी चालेल! हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणाही ओहोटीलाच कर, आणि शेवाळलेल्या खडकावर कुणालाही जाऊ देऊ नकोस.

१ फेब्रुवारी २०१६ला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. पावसाळा नव्हता गं. म्हणून ऊन छान आहे एवढ्यावर जाऊ नकोस. मुलं गुडघाभर पाण्यातच, तीही हाताच्या अंतरावर. कुणी ओढलं गेलंच, तर त्याने पाण्याशी झुंजू नये. तरंगत राहावं, किनाऱ्याला समांतर सरकावं. तू त्याच्यामागे उडी मारू नकोस. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेक आणि जीवरक्षकाला हाक मार.

पावसाळ्यात वाळूवर निळ्या फुग्यासारखा समुद्री जीव दिसला तर मेलेला समजून उचलायचा नाही, त्याचे धागे तेव्हाही डसतात. डसलाच तर चोळू नकोस. समुद्राच्याच पाण्याने धू, धागे चिमट्याने अलगद काढ. उथळ पाण्यात पाय घासत चाललं की वाळूत दडलेला पाकट आधीच सरकतो.

रात्री वाडीतून जाताना बॅटरी आणि बूट हवेतच. फुरसं पाचोळ्यात दिसत नाही. साप चावला तर बांधाबांध नाही, कापाकापी नाही, मांत्रिक तर नाहीच. तो हात-पाय हलू देऊ नकोस, १०८ला फोन कर आणि सरळ रुग्णालय गाठ.

आणि वादळ? ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं, पण इशारा आधी आला होता, म्हणून हजारो माणसं वेळेत हलवता आली. निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघ. लाल इशारा असेल तर सहल पुढच्या महिन्यात, त्यात कसला संकोच?

अगं, घरातल्या चारजणांच्या चार वेळा तू रोज सांभाळतेस. त्यात समुद्राची एक धर, बास. आता ऊठ, आणि जायच्या दिवशीची तिथी बघून मला कळव.