सोबतीची बाई

गोंदिया जिल्ह्यात ठाणं, मेडिकल, कोर्ट अशा चकरांना मी अत्याचार झालेल्या बायका-मुलींबरोबर जाते. वकील नाही, समुपदेशकही नाही. शाळेतून निवृत्त झालेली बाई, बोलायची सवय सुटलेली नाही एवढंच.

१. कलमं पाठ असून फारसं काही होत नाही. निघताना मी घोकते : गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी तक्रार नोंदवून घ्यायची, सरकारी असो की खासगी, दवाखान्याने उपचार फुकट द्यायचे, सुनावणी बंद दाराआड घ्यायची. प्रत्यक्षात माझा उपयोग होतो तो संडास कुठे आहे हे विचारून यायला आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते हे लक्षात ठेवायला. सालेकसा-देवरीकडच्या एखाद्या टोल्यावर पोरगी अंधार पडल्यावर उतरली, की सकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. मग बंद दाराचा काय उपयोग?

२. रडणाऱ्या बाईवर लोकांचा चटकन विश्वास बसतो, हे मला फार उशिरा दिसलं. एकदा ताटकळून भूक लागली म्हणून एका मुलीने वऱ्हांड्यात समोसा खाल्ला. शेजारच्या बाकावरून आवाज आला, ‘खातेय की चांगली!’ बोलणारा कोर्टातला माणूसही नव्हता, स्वतःच्या बांधाच्या भांडणासाठी आला होता. निकाल मात्र त्याने देऊन टाकला.

३. असा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही दिला होता, आणि ते प्रकरण जिथे घडलं ते गाव आमच्यापासून लांब नाही. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीत अर्जुनी मोरगाव मागे पडलं की पुढे वडसा लागतं. वडसा म्हणजे देसाईगंज. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद होती. आरोपी दोघे पोलिसच. घरची माणसं बाहेर थांबलेली. मुलीचं वय डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली : भीतीने गप्प राहणं ही संमती नव्हे, असं म्हटलं. आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तर प्रतिकाराची गोष्ट खोटी, असा त्यांचा हिशेब.

उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरू नये, हे मात्र कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं २०१३ मध्ये. तिच्या खटल्यामुळे इतकं बदललं, तिला स्वतःला त्यातलं काही मिळालं नाही. तिचं नाव देशभर गाजलं. मी ते इथे लिहीत नाही. पीडितेचं नाव छापू नये ही तरतूदही त्या १९८३ च्या बदलातलीच.

कायदा सुधारला, पण ‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न मी अजून ऐकते. बहुतेकदा तिच्या मावशीकडून.

४. ठाण्यात पोचली म्हणजे सुटली, असं आपण धरून चालतो. ऑगस्ट २०२२ मध्ये गोंदिया जिल्ह्यात अत्याचार झालेली एक महिला भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी ठाण्यात पोचली होती. सकाळी ती तिथून निघून गेली आणि तिच्यावर पुन्हा अत्याचार झाला. पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली, ती नंतर. तेव्हापासून मी ठाण्यात पहिला प्रश्न तक्रारीचा विचारत नाही. रात्री हिच्याजवळ कोण राहणार, हे विचारते.

५. मेडिकलच्या खोलीत मला आत घेत नाहीत, त्यामुळे त्याबद्दल मी कमी बोलावं. एवढं माहीत आहे की अपमानास्पद ‘टू फिंगर’ तपासणीविरुद्ध आपल्या सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी आवाज उठवला, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ही तपासणी करणं गैरवर्तन समजलं जाईल.

६. तारीख ही शिक्षा आहे, फक्त ती कुणाला होते याबद्दल माझा गोंधळ होता. एका आईने तो सोडवला. समन्स ऐन रोवण्याच्या दिवसांत आलेलं. मजुरी बुडवून दोघी आल्या, आणि आरोपीचे वकील आले नाहीत. मी समजावू लागले, होतं असं. ती म्हणाली, ‘बाई, गुन्हा त्याचा, मंग तारीख मले काऊन?’ मुलांच्या शंका आयुष्यभर सोडवल्या, इथे मात्र पाण्याची बाटली पुढे केली.

तोवर पोरीने तीच हकीकत ठाण्यात, दवाखान्यात, दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलेली असते. वर्षं उलटतात, तिचं लग्न ठरतं, ती विसरायला लागते. विसरू दे, असं घरचे म्हणतात. उलटतपासणीत मात्र विचारतात, दार आतून उघडत होतं की बाहेरून?

७. साक्ष फिरवणाऱ्या मुलीवर मला राग येत नाही. पूर्वी यायचा का, तर हो, घरी येऊन भांडी आपटायचे. मग एकीच्या गावी गेले. आरोपीचं घर बोअरवेलजवळ. धानाच्या मळणीला बापाला बोलावणारा माणूस आरोपीचा काका. भावाचं लग्न तोंडावर. कोर्टात तिने ‘आठवत नाही’ म्हटलं, आणि वऱ्हांड्यात माझ्याकडे न बघता निघून गेली. पुढे आमगावच्या बाजारात दिसली तेव्हाही तिने तोंड फिरवलं. लोक विचारतात, तुमच्या एवढ्या चकरा फुकट गेल्या ना? माझ्या चकरा मारून झाल्या की मी गोंदियाला परत येते. ती त्याच बोअरवेलवर पाणी भरते.