स्थलांतरित विद्यार्थ्याची नोंद : कागदावरील व संगणकावरील

बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या वाशी तालुक्यात दसरा-दिवाळीचा सुमार हा शाळांच्या दृष्टीने कसोटीचा काळ होय. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयता व संसाराचे साहित्य घेऊन कोल्हापूर, सांगलीकडे, कित्येकदा कर्नाटकातील कारखान्यांवरही ऊसतोडणीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. घरी आजी-आजोबा असतील अथवा हंगामी वसतिगृहाची सोय असेल, तर मूल गावीच राहावे हे सर्वांत उत्तम. परंतु जे मूल आईवडिलांबरोबर जाते, त्याच्यामागे त्याची नोंदही वेळेवर गेली पाहिजे. ती कशी जाते व कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. कायद्याची भूमिका

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५ मध्ये तीन गोष्टी स्पष्ट आहेत. मुलास कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा आहे. विलंब झाल्यास तो सेवानियमांनुसार कारवाईस पात्र ठरतो. आणि दाखला आला नाही एवढ्या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. ‘आधी दाखला आणा, मग वर्गात बसा’ हे वाक्य म्हणूनच कायद्यास धरून नाही. मूल प्रथम वर्गात बसावे; कागदांचा पाठपुरावा शाळेने करावा.

२. हंगामी व कायमचे स्थलांतर

या दोहोंत गल्लत होता कामा नये. पाच-सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या मुलाचे नाव पटावरून कमी करू नये. त्यास शिक्षण हमी पत्रक भरून द्यावे व ते जपून ठेवण्यास पालकांना सांगावे. त्या पत्रकाच्या आधारे तोडणीच्या गावातील शाळेने मुलास बसवून घ्यावयाचे असते व परतताना तेथील प्रगती त्यावर नोंदवावयाची असते. कुटुंबाने गाव कायमचे सोडले असेल तरच शाळा सोडल्याचा दाखला व संगणकीय बदली हा मार्ग धरावा.

३. संगणकीय बदलीचा क्रम

महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर होऊ लागल्या. बदलीची विनंती नव्या शाळेने करावी व जुन्या शाळेने ती मान्य करावी, ही रीत तिने रूढ केली. ‘यू-डायस प्लस’ या देशव्यापी प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्यास कायमचा ‘पेन’ क्रमांक असतो. शाळा सोडलेल्या मुलाची नोंद जुनी शाळा ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये ठेवते, नवी शाळा पेन क्रमांक व जन्मतारीख भरून ती आपल्याकडे घेते.

यात अडचणीची जागा मधलीच आहे. एका विद्यार्थ्याचे नाव एका वेळी एकाच शाळेत राहू शकते. जुन्या शाळेने नोंद सोडली नाही, तर मूल नव्या वर्गात बसूनही तेथील पटावर दिसत नाही. नोंद सोडली पण नव्या शाळेने घेतली नाही, तर शिकत असलेले मूल गळतीत धरले जाण्याचा धोका असतो. यंत्र क्षणात संदेश पोचविते. परंतु मान्यतेचे बटण माणसासच दाबावे लागते. दाखला देतानाच पेन क्रमांक त्यावर लिहावा, शाळेचा दूरध्वनी क्रमांक द्यावा, आणि आठवड्यातून एक ठरलेला वार प्रलंबित विनंत्या पाहण्यासाठी राखावा.

४. अचूकतेचे महत्त्व

संगणकात जाणारी माहिती जनरल रजिस्टरमधूनच जाते. तेथे ‘बाळू’ व आधारपत्रावर ‘बाळासाहेब’ असे असल्यास दोन्ही नोंदी जुळत नाहीत. पूर्वी जन्मतारीख ठाऊक नसलेल्या कित्येक मुलांची तारीख १ जून अशी लिहिली गेली. ती त्यांना जन्मभर चिकटली. आज जन्मदाखला पाहूनच नोंद करावी. तो नसल्यास प्रवेश मात्र अडवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये साठविण्याची सोय झाली. एका महाविद्यालयातील श्रेयांक दुसरीकडे नेता येतात ते बारा अंकी ‘अपार’ क्रमांकाच्या आधारे. शाळेत हा क्रमांक पालकांच्या संमतीने काढावयाचा असतो व त्यासाठी नाव आधारशी जुळावे लागते. पहिलीच्या वर्गातील निष्काळजी अक्षर असे पदवीपर्यंत मुलाची वाट अडवू शकते.

५. नोंदीत न मावणारे

नाव, इयत्ता व क्रमांक एवढ्याने नव्या शिक्षकास मूल कळत नाही. समजा, चौथीतील एक मुलगी तोडणीच्या गावी गेली. तिला हातच्याची वजाबाकी येते, भागाकार सुरू झालेला नाही. ती वाचते सावकाश, पण अर्थ नेमका सांगते. एवढ्या दोन ओळी हमी पत्रकावर असल्या तर तेथील शिक्षक दुसऱ्या दिवशी भागाकारापासून आरंभ करील. त्या नसल्या तर मुलगी मागच्या बाकावर गप्प बसेल व काही दिवसांनी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी कोपीवरच राहील. पुढे ती शाळेपासून तुटली, तर तिचा क्रमांक संगणकात सुरक्षित असूनही उपयोग काय? नोंदीने मुलामागे जावे. मुलाने नोंदीसाठी थांबू नये.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या शाळेतील कोणती मुले यंदा जाण्याची शक्यता आहे? त्यांची यादी दसऱ्यापूर्वी करावी.
२. रजिस्टर व आधार यांतील नावांची तफावत किती मुलांच्या बाबतीत आहे?
३. एका विद्यार्थ्याची प्रगती दोन ओळींत लिहावी व सहकाऱ्यास वाचावयास देऊन त्यावरून उद्याचा पाठ ठरविता येतो का, ते पाहावे.