वीडरचा फिल्टर बदलताना



गेल्या खरिपात आपल्या एका गटाचा पॉवर वीडर भाड्याने जाऊन परत आला तो धापा टाकतच. काळा धूर, ताकद नाही, पेट्रोल मात्र जास्त. मी उत्साहाने त्याचा एअर फिल्टर काढला, साबणाच्या पाण्यात खळखळून धुतला, वाळवून परत बसवला. तो कागदी फिल्टर होता! घड्या फुगून एका कडेला फाटल्या आणि त्या फटीतून माती थेट इंजिनात गेली. काही दिवसांनी निळा धूर यायला लागला. मेकॅनिक म्हणाला, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. हंगामाचं भाडं बुडालं, कर्जाचा हप्ता ताईंना बचतीतून भरावा लागला. चूक माझी होती. त्यानंतर जे शिकले ते तुम्हाला सांगते.

आधी झाकण उघडून बघा, फिल्टर कशाचा आहे. नुसता फोम (स्पंज) असेल तर तो कोमट साबणपाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग स्वच्छ इंजिन ऑइलचे थेंब टाकून मुठीत घट्ट दाबायचा. पिळायचा नाही, फाटतो. तेल जास्त राहिलं तर सुरू करताना धूर येतो. कागदी असेल तर पाणी नको, तेलही नको. हलकेच आपटून धूळ झाडा. हवा मारायचीच तर आतून बाहेर आणि कमी दाबाने, पंक्चरवाल्याकडच्या जोराने नाही. काही यंत्रांत कागदावर फोम चढवलेला असतो. तो फोम धुवा, पण तेल लावायचं का ते यंत्राच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा, कारण फोमचं तेल कागदाला लागलं की कागद गेला.

नवा घ्यायचा तर दुकानात "वीडरचा फिल्टर द्या" म्हणू नका. वीडर एका कंपनीचा आणि इंजिन दुसऱ्याचं, असं बरेचदा असतं. इंजिनावरचा मॉडेल नंबर (जीएक्स १६० असा काहीतरी) मोबाइलवर फोटो काढून न्या आणि जुना फिल्टरही सोबत न्या. दोन्ही शेजारी ठेवून लांबी, रुंदी, उंची, मधलं भोक आणि मुख्य म्हणजे कडेची रबरी पट्टी जुळवा. कागद कितीही चांगला असला तरी कड नीट बसली नाही तर धूळ बाजूने आत जाते. ओळखायचं कसं? काही दिवस चालवल्यावर फिल्टर काढून आतल्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्याला धूळ लागली तर फिल्टर बसत नाहीये. कागदी फिल्टरच्या आत टॉर्च धरा; उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्या. आणि "आजचा दिवस चालवू" म्हणून फिल्टर काढून यंत्र कधीही चालवू नका.

आता ऑइल फिल्टर. जीएक्स १६० सारख्या लहान इंजिनाला तो नसतोच! कुणी विकायला लागलं तर इंजिनावर तो कुठे बसतो ते दाखवायला सांगा. इथे गाळणी नाही म्हणून ऑइल वेळेवर बदलणं हाच उपाय. या इंजिनाला साधारण ६०० मिली ऑइल लागतं, १० डब्ल्यू ३० प्रकारचं. पहिल्यांदा २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. एअर फिल्टर ५० तासांनी साफ करायला सांगतात, पण आपल्या धुळीत मी तर रोज संध्याकाळी बघते.

मोठ्या इंजिनाला डब्याचा ऑइल फिल्टर असतो. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आटे, रबरी कड आणि आतला व्हॉल्व्ह यांत वेगळे असू शकतात, म्हणून तिथेही नंबरच बघा. लावताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते तपासा, नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा आणि हातानेच आवळा.

टू-स्ट्रोक ग्रास कटरचं गणित वेगळं, त्याचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ते टू-टी ऑइल वीडरच्या इंजिनात ओतू नका. डबे वेगळ्या फळीवर ठेवा.

अवजार बँकेच्या रजिस्टरमध्ये भाड्याच्या रकान्याशेजारी "तास" असा रकाना आखा. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला यंत्र घेऊन या, पांढरं फडकं मी आणते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक