कॉफीचा कप वर्ध्यात किती रुपयांना पडतो?

कॉफी महाग झाली, ही तक्रार खरी आहे. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळामुळे २०२४ पासून जगभर बियांचे भाव चढले आणि त्याची झळ आपल्या किराणा दुकानापर्यंत पोहोचली. तरीही कपाच्या हिशोबात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जवळजवळ कॉफीच्या पुडीइतका, आणि वनस्पतीचे दूध वापरले तर पुडीपेक्षा कितीतरी जास्त, खर्च त्यात पडणाऱ्या दुधाचा असतो. लाटे घ्यावी की कॅपुचिनो, गाईचे दूध घ्यावे की ओटचे, हे ठरवताना दुधाकडे आधी पाहिले तर पैसे वाचतात. खाली दिलेले दर ढोबळ आहेत. दुकानागणिक दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील, पण हिशोबाची रीत बदलत नाही.

आधी घरचा कप. फिल्टर कॉफीची पूड किलोला ८०० रुपये धरली आणि कपाला १० ग्रॅम घातली तर ८ रुपये. गाईचे दूध लिटरला ६० रुपये, कपात १०० मिली, म्हणजे ६ रुपये. साखर आणि गॅस मिळून रुपया-दीड रुपया. एकूण पंधरा-सोळा रुपयांत दाक्षिणात्य पद्धतीची कडक कॉफी होते. स्टीलचा साधा फिल्टर तीनशे-चारशे रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. इन्स्टंटचा कप याहून स्वस्त पडतो असे वाटते, पण तिथे पाकिटामागची बारीक अक्षरे वाचायला हवीत. चिकोरी मिसळलेल्या कॉफीवर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते. समजा १०० ग्रॅमची मिश्र बाटली ३०० रुपयांना आहे आणि तिच्यात ६० टक्केच कॉफी आहे. शेजारी शुद्ध इन्स्टंटची तेवढीच बाटली ४५० ला आहे. पहिल्या बाटलीत ६० ग्रॅम कॉफीला ३०० रुपये मोजले, म्हणजे शंभर ग्रॅम कॉफीला ५०० पडले. स्वस्त दिसणारी बाटली महाग निघाली. चिकोरीची चव आणि दाटपणा आवडत असेल तर ती जरूर घ्यावी, फक्त स्वस्त म्हणून घेऊ नये.

आता कॅफेचा फळा. वर्धा शहरात, सावंगीच्या आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आसपास, विद्यार्थ्यांमुळे यंत्रावरची कॉफी आता रुळली आहे. फळ्यावर दहा नावे असली तरी मूळ एकच, एस्प्रेसो. १६ ते १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, तीवरून दाबाने सोडलेले गरम पाणी, अर्ध्या मिनिटात दोन-तीन घोट दाट अर्क. त्यात गरम पाणी घातले की अमेरिकानो. थोडे दूध आणि भरपूर फेस म्हणजे कॅपुचिनो, कप साधारण १५० ते १८० मिलीचा. दूध जास्त आणि फेस पातळ म्हणजे लाटे, २५० ते ३०० मिली. लहान कपात मऊ, बारीक फेसाचे दूध म्हणजे फ्लॅट व्हाइट. चॉकलेट मिसळले की मोका. या सगळ्यांत कॉफी बहुधा तेवढीच असते. मोठा ग्लास घेतला म्हणून कॉफी जास्त मिळत नाही, दूध जास्त मिळते. कडकपणा हवा असेल तर लहान कप मागावा. तो स्वस्तही असतो.

हजार-बाराशे रुपये किलोच्या बियांची कॉफी एका कपाला वीस रुपयांची धरली, लाटेत २०० मिली दूध १२ रुपयांचे धरले, तरी माल बत्तीस रुपयांचा होतो. स्थानिक कॅफेत तिचे ९० ते १५० रुपये आणि नागपूरच्या मोठ्या साखळी दुकानात २०० ते ३५० लागतात. वरचे पैसे जागेचे भाडे, लाखांत जाणारे यंत्र, वीज आणि माणसांचे पगार यांत जातात. दोन तास पंख्याखाली बसून अभ्यास करायचा असेल तर ते वाजवी आहेत. उभ्याउभ्या पिऊन निघायचे असेल तर नाहीत.

ज्यूस सेंटरवरची कोल्ड कॉफी ४० ते ८० रुपयांना मिळते. तिच्यात इन्स्टंट पूड, थंड दूध, साखर आणि वर आइस्क्रीमचा गोळा असतो. चव छान असते, पण साखर फार असते, म्हणून अर्धी साखर सांगावी, दुकानदार ऐकतात. लग्नात वाफेच्या यंत्रातून फुसफुसत येणारी, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली ‘एक्सप्रेसो’ ही खरे तर वाफेने तापवलेली दुधाची इन्स्टंट कॉफी. केटररशी ताटाचा दर ठरवताना तिचा दर एस्प्रेसोसारखा कोणी लावत असेल तर मान्य करू नये. वर्धा किंवा सेवाग्राम स्थानकावर आणि गाडीत इन्स्टंट कॉफीच्या १५० मिली कपाचा ठरलेला दर १० रुपये आहे. वीस मागितले तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता वनस्पतीचे दूध. दूध पचत नाही, प्राणिजन्य पदार्थ सोडले आहेत, किंवा नुसती चव आवडते, कारण कोणतेही असो, कॅफेत त्यासाठी ४० ते ८० रुपये जास्तीचे लावतात आणि कप कोणताही असला तरी रक्कम बहुधा तीच असते. इथे गणित करून पाहावे. ओटचा पॅक लिटरला २८० रुपये धरा. लाटेत २०० मिली, म्हणजे ५६ रुपये. गाईच्या दुधाचे १२ वाचले, म्हणजे दुकानदाराला खरोखर ४४ रुपये जास्त पडले. साठ रुपये लावले तरी समजू शकते. पण कॅपुचिनोत १२० मिलीच दूध लागते. तिथे फरक सव्वीस-सत्तावीस रुपयांचा, आणि तुम्ही देता तेच साठ. म्हणून ओट किंवा बदाम घ्यायचेच असेल तर मोठ्या कपात घ्यावे. नाहीतर अमेरिकानो सांगून ‘वर थोडे सोया घाला’ अशी विनंती करावी. तीस मिली दुधाचे पैसे बरेच कॅफे लावत नाहीत, निदान पूर्ण तरी लावत नाहीत.

किराणा दुकानातून किंवा ऑनलाइन पॅक घेणार असाल तर एक तारीख लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वनस्पतीजन्य दुधांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आणि सोया दुधावरचा १२ वरून ५ वर आला. इन्स्टंट कॉफीवरचा करही १८ वरून ५ झाला. त्याआधीचा माल जुन्या किमतीने विकला जात असेल तर विचारायला संकोच करू नका. पाकिटावर बहुतेकदा ‘मिल्क’ नसून ‘ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ असे लिहिलेले असते, तेव्हा ऑनलाइन शोधताना तसेच शोधा. ‘अनस्वीटन्ड’ लिहिलेले नसेल तर साखर आहे असे समजा. ‘बरिस्ता’ लिहिलेल्या पॅकमध्ये थोडे तेल आणि आम्लता सांभाळणारा क्षार घातलेला असतो. त्यामुळे फेस धरतो आणि दूध फुटत नाही. चाळीस-पन्नास रुपये जास्त लागतात, पण गरम कॉफीसाठीच घेणार असाल तर ते योग्य आहेत. सोयाचा पॅक साधारण १२० ते १६०, बदाम आणि ओट २०० ते ३५०. पोषणाचे म्हणाल तर सोयात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळपास, १०० मिलीला तीनेक ग्रॅम असतात. ओटमध्ये एक ग्रॅमच्या आसपास, बदामाच्या पॅकमध्ये त्याहूनही कमी, कारण त्यात बदाम मूठभरच असतात. सर्वांत महाग पॅक सर्वांत पौष्टिक नसतो. लहान मुलांना दुधाऐवजी हे पॅक सरसकट देऊ नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे.

उपवासाला सोया किंवा ओट चालत नाही, पण ज्यांच्याकडे शेंगदाणे आणि नारळ चालतात त्यांना वाट मोकळी आहे. शंभर ग्रॅम शेंगदाणे भिजवून वाटून गाळले तर पाऊण लिटर दूध वीस रुपयांच्या आत होते. कॉफीत त्याची चव चांगली लागते, फक्त शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी दूर राहावे. नारळ आपल्याकडे बाहेरून येतो, म्हणून ते दूध महाग पडते. घरी केलेले ओटचे दूध स्वस्त होते, पण तापवले की खळीसारखे बुळबुळीत होते, तेव्हा ते कोल्ड कॉफीपुरतेच ठेवा. आणि प्राणिजन्य काही नकोच असेल तर सोबतचा खाऊही तपासा. वर्ध्याचा गोरसपाक कॉफीबरोबर कितीही छान लागला तरी तो गाईच्या तुपातला असतो.

बिलावरही नजर टाका. कॅफेच्या बिलात ५ टक्के जीएसटी लागू शकतो, म्हणजे १२० च्या कॉफीवर ६ रुपये. पण दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज परस्पर लावणे ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या निर्देशांनुसार चुकीचे आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते निर्देश उचलून धरले. काढायला सांगा. नाही काढला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मराठीतही चालतो.

आता ज्यासाठी हे सगळे लिहावेसे वाटले ते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पौष्टिक वनस्पतीचे दूध ज्या दाण्याचे होते तो दाणा हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी, आर्वी इथल्या शेतांत पोत्यांनी पिकतो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, आणि बाजारात शेतकऱ्याच्या हाती अनेकदा तेवढेही पडत नाहीत. एक लिटर दुधाला १२५ ग्रॅम दाणे लागतात. हमीभावाने ते पावणेसात रुपयांचे. किराण्यातून ९० रुपये किलोने आणले तरी सव्वाअकरा. गॅस धरून लिटरला वीस रुपयांच्या आत. पोत्यातला दाणा बाहेर जातो आणि त्याचे दूध दीडशे रुपये लिटरने परत येते, हे वर्ध्याच्या घरांनी थोडे तरी बदलावे असे मनापासून वाटते.

हा विचार इथे नवा नाही. १९३५ मध्ये वर्ध्यातल्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन जेवणात घेऊन पाहण्याचे प्रयोग केले आणि त्यावर ‘हरिजन’मध्ये लिहिले. तेव्हा हा दाणा इथे नवखा होता. गाई-म्हशीचे दूध त्यांनी सोडले होते, शेळीचे घेत होते, आणि दुधाला वनस्पतीतून पर्याय सापडावा ही त्यांची इच्छा होती. चहा-कॉफी त्यांना अनावश्यक वाटे. गहू तांबूस होईपर्यंत भाजून, दळून, ती पूड उकळत्या पाण्यात घालून कॉफीऐवजी घ्यावी असेही त्यांनी आरोग्यावरच्या लेखनात सुचवले. दहा ग्रॅम गहू म्हणजे पस्तीस-चाळीस पैसे, आणि रात्री झोप न लागणाऱ्यांसाठी हा कप आजही उत्तम आहे.

सोयाचे दूध करताना पहिली काळजी: पेरणीसाठी आणलेले बियाणे कधीही वापरू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. खाण्याचेच दाणे घ्या. रात्रभर भिजवा. उन्हाळ्यात पाणी आंबते, म्हणून सहा-सात तास पुरे किंवा भांडे फ्रिजमध्ये ठेवा. हाताने चोळून साले काढा. मग दाणे पाच मिनिटे उकळत्या पाण्यात टाका. यानेच तो कच्चा, उग्र वास जातो, आणि बहुतेकांचे दूध याच टप्प्यावर बिघडते. गरम पाणी घालून मिक्सरमध्ये बारीक वाटा. कॉफीसाठी १२५ ग्रॅम दाण्यांना एकूण पाणी ८०० मिलीच ठेवा, दूध दाट होते. सुती फडक्यातून पिळून गाळा आणि जाड बुडाच्या, मोठ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. ते उकळण्याआधीच फेस झपाट्याने वर येतो. तो आला म्हणजे दूध उकळले असे समजून गॅस बंद करू नका. आच कमी करून, ढवळत, खरी उकळी आल्यावर आणखी पंधरा मिनिटे शिजवा. कच्चे राहिले तर पोटाला बाधते. चिमूटभर मीठ घाला.

हे दूध कॉफीत फुटते ही नेहमीची अडचण. कॉफी आम्लधर्मी आणि फार गरम, दूध थंड, म्हणून गुठळ्या होतात. दूध आधी कोमट करा, कपात आधी दूध घ्या आणि मिनिटभर निवलेली कॉफी त्यात हळूहळू ओता. गडद भाजलेली पूड कमी आंबट असते, ती घ्या. दूध फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. फडक्यात उरलेला चोथा फेकू नका, ज्वारी-बेसनाच्या पिठात मिसळून, कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लावा. त्याला मात्र तेल थोडे जास्त सोडून दोन्ही बाजूंनी नीट भाजा.