शेवटची काच

प्रस्तावना

छायाचित्र काढणे आज फार सोपे झाले आहे. खिशातला मोबाइल काढला, बोट टेकवले, की चित्र तयार. एका दृश्याची वीस छायाचित्रे काढावीत आणि त्यांतली एकोणीस पुसून टाकावीत, असेही आपण सहज करतो. परंतु ज्याच्याजवळ एकच संधी शिल्लक आहे, असा छायाचित्रकार समोरच्या दृश्याकडे कसा पाहत असेल? अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९२७ साली झालेल्या एका भ्रमंतीच्या आधारे या प्रश्नाचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• 'पाहणे' आणि 'टिपणे' यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• छायाचित्रातील सत्याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल;
• निसर्गसंरक्षणातील छायाचित्रांचे महत्त्व सांगू शकाल.

मूळ पाठ

कॅलिफोर्निया राज्यातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत योसेमिटीचे खोरे आहे. हिमनद्यांनी कोरून काढलेल्या या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे आहेत आणि त्यांवरून धबधबे कोसळतात. खोऱ्याच्या पूर्व टोकाला 'हाफ डोम' हे सुमारे २,७०० मीटर उंचीचे शिखर आहे. एखादा घुमट मधोमध चिरावा आणि त्याचा अर्धा भाग काढून टाकावा, तसा त्याचा आकार आहे. एक बाजू गोलाकार, तर दुसरी सरळ तुटलेली.

१९१६ साली चौदा वर्षांचा एक मुलगा आईवडिलांबरोबर येथे प्रथम आला. त्याचे नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. आईवडिलांनी त्याच्या हाती एक साधा पेटीवजा कॅमेरा दिला. तेव्हापासून या पर्वताने त्याला जे ओढून घेतले, ते कायमचे. त्याचे शिक्षण मात्र पियानोवादनाचे चालले होते आणि वादक होण्याचाच त्याचा विचार होता.

१० एप्रिल १९२७ रोजी पंचवीस वर्षांचा अ‍ॅडम्स आपली भावी पत्नी व्हर्जिनिया बेस्ट आणि काही मित्र यांच्यासह हाफ डोमच्या दिशेने निघाला. पाठीवर मोठा कॅमेरा, भिंगे, फिल्टर, काचेच्या प्लेटी असे जवळजवळ अठरा किलो ओझे होते. वाट म्हणजे एक उभी घळ, आणि तीत ठिकठिकाणी बर्फ. हाफ डोमच्या खांद्यावर पुढे झेपावलेला एक खडक आहे. तेथून त्याचा तुटलेला कडा समोरासमोर दिसतो. तेथे पोहोचायचे होते.

जवळच्या बारा प्लेटींपैकी बहुतेक वाटेतच संपल्या. खडकावर पोहोचल्यावर कडा अजून सावलीत होता. दुपार कलली, ऊन हळूहळू दगडावर सरकू लागले आणि अ‍ॅडम्सने कॅमेरा लावला. आता हाती दोनच प्लेटी होत्या. त्याने नेहमीप्रमाणे पिवळा फिल्टर लावून पहिले चित्र घेतले. झडप बंद करताच त्याच्या ध्यानात आले की, हे चित्र बिनचूक येईल, पण कड्यासमोर उभे राहून मनाला जो दरारा वाटत आहे, तो त्यात उतरणार नाही.

उरली होती एकच काच. अ‍ॅडम्सने पिवळा फिल्टर काढून गडद लाल फिल्टर चढवला. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे कृष्णधवल छायाचित्रात निळे आकाश जवळजवळ काळे होते. सावल्यांना उजेड मिळतो तो आकाशाचाच, म्हणून त्याही गडद होतात. उन्हातला दगड आणि बर्फ मात्र उजळ राहतात. फिल्टर इतका गडद होता, की पाच सेकंद प्रकाश घ्यावा लागला. वाऱ्याने कॅमेरा हलला असता तर सारे संपले असते. काच धुतल्यावर त्याने मनात पाहिले होते तेच चित्र समोर आले : काळ्याभोर आकाशाखाली उभा असलेला भव्य, एकाकी पाषाण. 'मोनोलिथ' या नावाने ते जगभर प्रसिद्ध झाले. चित्र घेण्यापूर्वीच ते मनात पूर्ण पाहणे, हे पुढे त्याच्या कलेचे सूत्र ठरले.

येथे एक शंका येते. आकाश तर काळे नव्हते. मग हे चित्र खोटे म्हणायचे का? कृष्णधवल छायाचित्रात कोणताच रंग जसाच्या तसा येत नाही. प्रत्येक रंगाची करडी छटा कोणती व्हावी, हे कोणीतरी ठरवतेच. एरवी ते यंत्र ठरवते, येथे माणसाने ठरवले. अ‍ॅडम्सने दगडाचा आकार बदलला नाही. त्या दगडासमोरचा आपला अनुभव मात्र त्याने जपला.

छायाचित्रांनी या पर्वतासाठी आणखी एक काम केले. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्सने येथे प्रचंड आकाराच्या काचांवर चित्रे घेतली. तेव्हा काच जागेवरच रसायनाने ओली करून, ती वाळण्यापूर्वी तंबूत धुवावी लागे. ही चित्रे पूर्वेकडील शहरांत पोहोचली, आणि १८६४ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी हे खोरे राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यामागे या चित्रांचाही वाटा होता, असे इतिहासकार मानतात. १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे किंग्ज कॅन्यन या शेजारच्या प्रदेशासाठी अ‍ॅडम्स १९३६ साली आपली छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेला. १९४० मध्ये तेही राष्ट्रीय उद्यान झाले.

मात्र चौकटीत जे येत नाही, तेही विसरता कामा नये. हे खोरे निर्मनुष्य नव्हते. अवाहनीची हे आदिवासी लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने खोऱ्यात शिरून त्यांना हुसकावले. 'मोनोलिथ'मधील एकांत पाहताना हा इतिहासही मनात असावा. चित्र काय दाखवते, एवढेच नव्हे, तर ते काय दाखवत नाही, हे विचारणारा प्रेक्षकच खरा रसिक होय.

शब्दार्थ

घळ – डोंगरातील अरुंद, खोलगट वाट
दरारा – आदरयुक्त भीती
पाषाण – दगड, खडक
कृष्णधवल – काळ्यापांढऱ्या छटांचे

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) अ‍ॅडम्सने योसेमिटीला प्रथम ______ साली भेट दिली.
(आ) लाल काच ______ प्रकाश अडवते.
२. पहिल्या चित्राने अ‍ॅडम्सचे समाधान का झाले नाही? एका वाक्यात लिहा.

पाठान्त प्रश्न

१. 'मोनोलिथ' हे चित्र खोटे म्हणता येईल का? तुमचे मत सकारण लिहा.
२. छायाचित्रांमुळे निसर्गाचे रक्षण कसे झाले, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. उपक्रम : तुमच्या परिसरातील एक झाड, टेकडी किंवा इमारत निवडा. दहा मिनिटे नुसते पाहा. कोणते चित्र हवे ते पाच ओळींत लिहा. मग एकच छायाचित्र काढा आणि लिहिलेल्या ओळींशी ते ताडून पाहा.