दूरदर्शनच्या शाळेत घडलेली लेखिका : सई परांजपे

वाङ्मय मंडळाच्या एका चर्चेत प्रश्न निघाला : दूरदर्शनसाठी केलेल्या लेखनाला वाङ्मय म्हणावे काय? बहुतेकांचे मत 'नाही' असे पडले. मीही मान डोलावली. परंतु उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या घरी परतताना मन स्वस्थ नव्हते. आमच्या घरी पुस्तके अभ्यासापुरतीच. आई जीन्सचे धागे कापता कापता मालिका पाहते. तिच्यापुरते कथावाङ्मय तेवढेच. ते लिहिणारा लेखक नव्हे, तर मग आई रसिक नव्हे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी मी सई परांजपे यांच्या कारकिर्दीचा अभ्यास केला.

सईंचा जन्म १९३८ सालचा. आई शकुंतला परांजपे लेखिका, आजोबा रँग्लर र. पु. परांजपे. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे 'मुलांचा मेवा' हे गोष्टींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. असे घर सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे मान्यच. परंतु त्यांची पुढची घडण कामाच्या जागी झाली. पुणे आकाशवाणीवर निवेदन व बालकार्यक्रम, १९६३ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील शिक्षण पूर्ण आणि पुढे दिल्ली दूरदर्शनवर निर्माती, असा तो क्रम आहे.

येथे 'निर्माती' हा शब्द नीट समजून घ्यावयास हवा. चित्रपटाचा निर्माता भांडवल घालतो. दूरदर्शनचा निर्माता हा नोकरीतला माणूस. संहिता, तालमी, कॅमेरा, वेळेचे गणित सारे त्याच्याच अंगावर. पैसा थोडा, जागा थोडी. त्यामुळे भव्य देखाव्याचा आधार घेता येत नाही. माणसे आणि त्यांचे बोलणे यांवरच सारी मदार. याच नोकरीत सईंनी केलेल्या 'द लिटल टी शॉप' या दूरदर्शनपटाला १९७२ मध्ये तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमाची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली.

त्यांच्या गाजलेल्या दोन चित्रपटांचे मूळ दूरदर्शनवरच आहे. 'रैना बीती जाए'वरून 'स्पर्श' झाला आणि 'धुआँ धुआँ'वरून १९८१ चा 'चष्मेबद्दूर'. 'स्पर्श'चा नायक अंध आहे; तो नायिकेला ओळखतो तो आवाजावरून. आकाशवाणीवर तयार झालेला कान येथे उपयोगी पडला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'चष्मेबद्दूर'मधला प्रेमाचा आरंभ पाहा : धुण्याची पावडर विकायला आलेली मुलगी, एक तरुण, एक बादली आणि एक मळका टॉवेल. एवढ्याच सामग्रीवर तो प्रसंग उभा राहतो. हे छोट्या पडद्याचे शिक्षण होय. चित्रपटांत नाव झाल्यावरही त्यांनी दूरदर्शन कमी लेखले नाही. 'अडोस पडोस' आणि 'छोटे बडे' या मालिका त्यांनी त्यानंतरच केल्या.

मला सर्वांत जवळचा वाटला तो १९९० चा 'दिशा'. गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेले कामगार एका गाळ्यात दाटीवाटीने राहतात; गावाकडे एक जण वर्षानुवर्षे विहीर खणत असतो. 'गाळा' हा शब्द ऐकताच मी दचकले. आमच्या गल्लीतही गाळे आहेत. तेथे दिवसा जीन्स शिवतात आणि रात्री कारागीर यंत्रांच्या शेजारीच पथारी पसरतात. त्यांच्यावरून मी रोज जाते. परंतु तेथे एक कथा आहे, हे मला दिसले नव्हते.

गेल्या वर्षी मी एक एकांकिका लिहिली होती. तिच्यात दिवाणखाना, पियानो आणि बंगला होता. यांपैकी एकही गोष्ट मी जवळून पाहिलेली नाही. आईला वाचून दाखवली, तेव्हा ती धागे कापीत म्हणाली, "चांगली आहे, पण ही माणसं कुठली गं?" त्या वेळी मला राग आला. आज वाटते की तिने समीक्षाच केली होती.

मंडळाच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता तयार आहे. लेखन वाङ्मय आहे की नाही, हे पडद्याच्या आकारावर ठरत नाही. लिहिणाऱ्याने माणूस किती जवळून पाहिला, यावर ते ठरते. ती एकांकिका मी फाडून टाकली. नवी लिहावयास घेतली आहे. तिचा पहिला प्रवेश गाळ्यात घडतो. पहिले वाचन अर्थातच आईपुढे होईल.