'अझल' : तो गेला, पण कुणाकडे?

आजचं वचन : दानीएल ६:१८-१९



दानीएलाच्या पुस्तकातला २:४ पासून ७ व्या अध्यायाच्या शेवटापर्यंतचा भाग हिब्रूत नाही, अरामी भाषेत आहे. त्यातलं एक छोटं क्रियापद आज पाहू या. 'अझल', म्हणजे 'गेला'.

मराठी माणसाला हे पटकन कळतं. आपण 'जा', 'जातो', 'जाईल' म्हणतो, पण भूतकाळात एकदम 'गेला'! दोन वेगळे धातू मिळून एक क्रियापद झालंय. अरामीतही तसंच. 'अझल' म्हणजे तो गेला, 'अझलू' ते गेले, 'अझल्ना' आम्ही गेलो. पण 'जावे' किंवा 'जाईल' म्हणायचं तर दुसराच धातू येतो : 'यहाक'.

'अझल' बायबलमध्ये फक्त ७ वेळा येतं. दानीएलात ४, एज्रात ३. एज्रा ४:२३ मध्ये शत्रू राजाचं पत्र घेऊन घाईने यरुशलेमला गेले आणि मंदिराच्या शहरातलं काम जबरदस्तीने बंद पाडलं. दानीएल ६:१९ मध्ये दारयावेश राजा पहाटे घाईने सिंहांच्या गुहेकडे गेला. क्रियापद तेच. 'घाई'साठीचा शब्दही त्याच धातूचा. फरक एवढाच, की एकाला कुणाला तरी थांबवायचं होतं आणि दुसऱ्याला कुणी जिवंत आहे का ते पाहायचं होतं.

आता १८ वं वचन बघा. आदल्या रात्रीही राजा 'अझल', पण गुहेकडे पाठ करून महालाकडे. जेवला नाही, झोपला नाही. दानीएलाला वाचवणं त्याच्या हातात नव्हतं, ते देवाने केलं. पण पहाटे तो उठून गेला, हे त्याच्या हातात होतं.

आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर 'गेले' म्हटलं की कुठे, ते विचारावं लागत नाही. कोयता घेऊन कारखान्याला! मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको जोडीने ऊस तोडतात. हंगाम संपेपर्यंत कित्येक घरांत म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. एज्रा ७:१३ मध्ये राजा म्हणतो, ज्याची स्वतःची इच्छा असेल त्याने जावे. तिथे 'यहाक' आहे. उचल घेतलेल्याला ती मोकळीक कुठे?

ती आपल्याला आहे. आपण पुण्या-मुंबईत असतो, सुट्टी मिळते, एसटी मिळते. गावाकडच्या त्या आजीसाठी 'प्रार्थना करतो' असं आपण मेसेजवर लिहितो. चांगलंच आहे. पण तिच्या दारापर्यंत कोण जाणार?

आज एक नाव लिहून ठेवा. या महिन्यात त्या माणसाकडे जा.

प्रार्थना : प्रभू, पाठ फिरवून गेलेली माझी पावलं वळव. जिथे कुणी वाट पाहतंय, तिथे मला पाठव. आमेन.